शब्द कुठे तुटतो? : मुक्त कोडच्या शोधयंत्रांचे एक मराठी वाचन

सूची हा टीकेचा सर्वांत नम्र प्रकार आहे, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी अभ्यासकांनी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचले आणि एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचा पत्ता : कोणता ग्रंथ, कोणता अध्याय, कोणती ओळ. चिठ्ठी मत देत नाही, सौंदर्य उलगडून दाखवत नाही. पण कोणता शब्द धरायचा, तो कुठे तोडायचा आणि कोणत्या रूपाखाली लावायचा, हे ठरवताना चिठ्ठी लिहिणाऱ्याने निवाडा केलेलाच असतो. तो निवाडा चुकला तर पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासकाला तो शब्द सापडत नाही. आणि जे सापडत नाही ते नव्हतेच, असे अभ्यासक समजून चालतो.

गेल्या वीस वर्षांत याच जातीची, पण प्रचंड मोठी, एक सूची तयार झाली आहे. जगभरच्या प्रोग्रामरांनी लिहून खुला ठेवलेला कोड शोधून देणारी शोधयंत्रे म्हणजे ही सूची. ती वाङ्मयीन टीकेचा विषय होऊ शकते का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मला वाटते, होऊ शकते. कोड हा लिहिलेला मजकूर आहे, त्याला लेखक असतो, पाठभेद असतात, समासात टिपणे असतात. शिवाय मराठी अक्षर पडद्यावर कसे उमटते आणि कसे सापडते, हे आज त्याच मजकुरात ठरते.

मी शिकवतो मराठी, आणि राहतो रनाळ्याला. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधले हे गाव. संगणकशास्त्राशी माझा संबंध येण्याचे कारण तसे किरकोळ आहे. एका कार्यालयाने दिलेल्या लांबलचक संगणकीय यादीत 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधला की निम्म्याच नोंदी हाती लागत. उरलेल्या डोळ्यांना दिसत होत्या, यंत्राला दिसत नव्हत्या. दोन्हीकडे शब्द एकच, लेखन एकच. हे का होते, याचे उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकात मिळाले नाही; ते कोडमध्ये मिळाले, आणि कोड मिळाला तो शोधयंत्रामुळे. त्यामुळे या यंत्राविषयी मी ऋणी आहे आणि तक्रारदारही आहे.

शोधयंत्रे येण्यापूर्वी कोड पोथीसारखा वाचला जात असे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७च्या सुमारास युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीचा कोड, सुमारे नऊ हजार ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर भाष्य लिहिले. मूळ एका पुस्तकात, टीका दुसऱ्यात. पुढच्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवायलाच मनाई केली. मग ते भाष्य झेरॉक्सवर झेरॉक्स होत जगभर फिरले आणि छापील पुस्तक म्हणून उघडपणे १९९६ साली निघाले. आपल्या संप्रदायांतल्या नकललेल्या पोथ्यांची आठवण कोणालाही व्हावी. त्या काळात कोड वाचणारा सगळा कोड वाचत असे, कारण तो वाचून संपण्याजोगा होता.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनक्स आले, आणि १९९८ साली 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झाले. (आमचा नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षी धुळ्यातून वेगळा झाला. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, पण वय मोजायला मला ते सोपे पडते.) त्यानंतर कोड इतका वाढला की वाचणे संपले आणि शोधणे सुरू झाले. कोडर्स, क्रुगल ही सुरुवातीची यंत्रे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने कोड सर्च सुरू केले, आणि जानेवारी २०१२ मध्ये बंदही करून टाकले. पाच-सव्वापाच वर्षांचे आयुष्य. एखादे सार्वजनिक ग्रंथालय इतक्या शांतपणे बंद झाले असते तर निदान निषेधाचे एक पत्रक निघाले असते.

हे यंत्र रस कॉक्स यांनी २००६च्या उन्हाळ्यात गूगलमध्ये उमेदवारी करताना बांधले. ते बंद झाले तेव्हा त्यांनी ते कसे चालत होते, हे सविस्तर लिहून ठेवले आणि त्याच तत्त्वावर चालणारी एक छोटी आवृत्ती खुली केली. बंद होणाऱ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने सूचीची रीत मागे ठेवावी, तसे हे झाले. माझा बहुतेक अभ्यास त्या लेखावर उभा आहे. त्याकडे वळण्याआधी मधला एक टप्पा सांगतो, कारण त्यात सूचीकाराचा निवाडा कसा फसतो हे स्पष्ट दिसते.

गिटहब हे आज मुक्त कोडचे सर्वांत मोठे कोठार. त्याने २०१३च्या जानेवारीत नवा कोडशोध आणला. त्याच्या मुळाशी ल्यूसीन हे साध्या गद्यासाठी घडवलेले साधन होते. गद्यात स्वल्पविराम, कंस, बरोबरीचे चिन्ह शोधायला कोणी जात नाही. म्हणून ही चिन्हे सूचीत धरलीच नव्हती. पण कोडमध्ये अर्थ राहतो तो नेमका तिथे. एक बरोबरी म्हणजे 'दे', दोन बरोबऱ्या म्हणजे 'सारखे आहे का?' ही दोन वाक्ये सूचीला एकच वाटत. ओवीतून यमक काढून टाकून तिचा शोध घेण्यासारखा हा प्रकार, आणि तो दहा वर्षे चालला. त्याच शोधाने पहिल्याच दिवसांत आणखी एक गोष्ट केली. लोकांनी नकळत कोठारात टाकलेल्या गुप्त किल्ल्या आणि परवलीचे शब्द कोणालाही एका शोधात दिसू लागले. त्या आधीही तिथे उघड्यावरच पडलेल्या होत्या. उघडे असणे आणि सापडणे यांतले अंतर सूचीने मिटवले, एवढेच. २०२३ साली आलेल्या नव्या यंत्राने विरामचिन्हांचा दोष दूर केला. त्याच्या कर्त्यांनी दिलेले आकडे असे : साडेचार कोटी भांडारे, ११५ टेराबाइट मजकूर, आणि एकसारख्या प्रती वगळल्या की उरतात फक्त २८. म्हणजे जगातल्या मुक्त कोडचा तीन चतुर्थांश भाग नकला आहेत. पाठचिकित्सा करणाऱ्या माणसाला हा आकडा मुळीच आश्चर्याचा वाटू नये. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखिते पाहिली, तीही बहुतांशी एकमेकांच्या प्रतीच होत्या.

आता मुख्य मुद्दा. कॉक्स यांच्या यंत्राची युक्ती अशी, की ते शब्द मानतच नाही. ते मजकुराचे सलग तीन-तीन बाइटांचे तुकडे करते आणि कोणता तुकडा कोणत्या फायलीत आहे याची सूची ठेवते. इंग्रजी 'प्रिंट' या पाच अक्षरी शब्दाचे तीन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात तीन रोमन अक्षरे. हे तिन्ही तुकडे ज्या फायलींत आहेत तेवढ्याच उघडायच्या आणि नीट तपासायच्या. लाखो फायलींतून शे-दोनशे उरतात. अतिशय सुंदर कल्पना आहे. शब्द म्हणजे काय या वादात न शिरता ती शोध पुरा करते.

पण बाइट सर्व लिपींना सारखे वाटलेले नाहीत. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, मग ते चिन्ह पूर्ण अक्षर असो, काना असो की हलन्त. म्हणजे यंत्राच्या एका तुकड्यात इंग्रजीची तीन अक्षरे मावतात आणि मराठीचे एक. त्यातही या तीन बाइटांपैकी पहिला साऱ्या देवनागरीत एकच, आणि दुसरा दोघांपैकी एक. 'शेतकरी' शोधताना सूचीला इतकेच कळते, की या फायलीत श आहे, एकार आहे, त आहे, क आहे, र आहे, दीर्घ ईकार आहे. असे मराठी पान कोणते नसेल? गाळणी असते, पण तिची भोके तांदळाहून मोठी असतात. अंतिम उत्तर चुकत नाही, कारण शेवटी फाईल उघडून तपासली जातेच; पण गाळण्याचे काम झालेले नसते. प्रत्यक्षात हे कोणाला खटकत नाही, कारण कोडच्या जगात देवनागरीची पानेच थोडी आहेत. आपण अल्पसंख्य असल्यामुळे वेग टिकून आहे. उद्या मराठीत भरपूर लिहिले गेले तर यंत्र मंद होईल, असे हे विचित्र गणित आहे.

दुसरी अडचण अधिक जिव्हाळ्याची. 'शेतकरी' या शब्दाला विभक्ती लागली की 'शेतकऱ्या' होतो आणि त्यात तो पापणीसारखा आडवा र येतो. हा र मराठीचा खास. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक शाळेत आपण सगळ्यांनी गिरवला आहे. आमच्या खानदेशात तऱ्हाडी नावाची गावे आहेत, तापीकाठी वर बऱ्हाणपूर आहे. त्यांच्या नावांतही तो आहे. युनिकोडने हा र लिहिण्याच्या दोन रीती मान्य केल्या आहेत. एक, ०९३१ क्रमांकाचे 'ऱ' हे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागोमाग झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला दोन वेगळे शब्द. आता गंमत पाहा : 'शेतकर' एवढाच भाग शोधला, तर 'शेतकरी' सापडतो, अदृश्य चिन्हाचा 'शेतकऱ्यांचा' सापडतो, पण 'ऱ' अक्षराने नीट लिहिलेला सापडत नाही. त्या कार्यालयाच्या यादीतला निम्मा हिशेब इथे लागला. दोन टंकलेखकांनी दोन कळफलक वापरले होते.

ज्या 'ऱ'वर हे सारे उभे आहे, त्याच्या नावापुढे युनिकोडच्या तक्त्यात टीप आहे ती द्राविडी भाषांतला र लिप्यंतरित करण्यासाठी म्हणून. त्याचे अर्धे रूप पापणीसारखे होते, हे त्याखाली. मराठी इथे मुख्य रहिवासी नाही, पोटभाडेकरू आहे. तीच कथा 'ॲ'ची. हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, आणि पुष्कळ जण अजूनही ठेवतात. 'ॲप' शोधणाऱ्याला जुने सापडत नाही, जुन्या रीतीने शोधणाऱ्याला नवे. या दोन लेखनांना समान मानण्याचा नियम युनिकोडच्या सामान्यीकरणात नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पायथन ही भाषा २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देऊ देते. 'मराठी' असे नाव द्या, ती मुकाट्याने स्वीकारते. पण त्याच पायथनच्या नमुनाशोधाला याच मजकुरातून शब्द वेगळे करायला सांगा. तो काना आणि वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही. 'मराठी'चे दोन तुकडे करून तो हातात ठेवतो : 'मर' आणि 'ठ'. शिवी वाटावी इतके हे नेमके आहे. ही तक्रार २०११ साली नोंदवली गेली आणि दशक उलटल्यावरही तिचा निकाल लागला नव्हता. दरम्यान एका स्वतंत्र ग्रंथिकेने हा दोष दुरुस्त केला आहे, ती वापरता येते. पण ती आहे हे माहीत असणाऱ्यालाच. कॉक्स ज्या गो भाषेच्या घडणीत आहेत तिथे तर 'नाव' हेच नाव चालत नाही, कारण तिच्या नियमात नावात अक्षरे आणि अंक येतात, आणि काना हे अक्षर नव्हे.

पाणिनीने पद म्हणजे काय हे त्याच्या शेवटाला लागणाऱ्या प्रत्ययावरून ठरवले. या यंत्रांनी ते चिन्हाच्या वर्गावरून ठरवले आहे, आणि वर्ग करताना डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण हे तांत्रिक बारकावे आहेत असे म्हणून सोडून देण्याला माझा विरोध आहे. स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतो हे आमच्या लिपीचे मूळ तत्त्व आहे. त्याला 'अक्षर नव्हे' म्हणणारा नियम हा लिपीविषयीचा सिद्धान्तच आहे, आणि तो चुकीचा आहे.

मग मी ऋणी कशाचा? या प्रत्येक दोषाचा पत्ता मला मिळाला, याचा. खुल्या शोधात प्रत्येक उत्तर पत्त्यासह येते : फाईल, ओळ, लिहिणारा, दिनांक, परवाना. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांत अक्षरे जोडणारे हार्फबझ नावाचे साधन आहे. भारतीय लिप्यांसाठीची त्याची फाईल मी पुष्कळ दिवस थोडी थोडी वाचली. त्यात एक जागा अशी आहे, की अक्षरगुच्छाच्या सुरुवातीला र आणि हलन्त आले तर रफार करायचा. पण मागोमाग ते अदृश्य जोडचिन्ह असेल तर करायचा नाही. आचार्य आणि आचारी यांच्यातला फरक तिथे एका अटीवर उभा आहे. मराठी व्याकरणाचा नियम एवढ्या काटेकोरपणे मांडलेला मी क्वचितच वाचला आहे. तशीच रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेली लोहित टंकमालिका. २०११ पासून ती मुक्त टंक परवान्याखाली आहे, आणि कोणत्या जोडाक्षराची दुरुस्ती केव्हा झाली, हे तिच्या इतिहासात पाहता येते. मोडलेले जोडाक्षर पाहून छापखान्याला शिव्या देण्याची आपली जुनी सवय आहे. इथे चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखवता येते, आणि दुरुस्ती सुचवताही येते.

अलीकडे या पत्त्यावरच गदा आली आहे. २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट आणले. ते याच मुक्त कोडवर शिकून मागाल तो कोड लिहून देते. शोधाची गरज उरत नाही, असे तरुण मित्र सांगतात. आणि कामापुरते ते खरेही असेल. पण ते उत्तर कोणत्या फायलीतून, कोणाच्या हातून, कोणत्या परवान्याखाली आले, हे त्याच्यासोबत येत नाही. याच कारणावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा दाखल झाला. कायद्याचा निवाडा काहीही होवो, टीकाकाराच्या दृष्टीने फरक मोठा आहे. चिठ्ठीवरचा शब्द ठेवून पत्ता फाडून टाकला तर उरतो तो कोश नव्हे, ऐकीव माहिती. 'मराठी'चे 'मर' करणारा कोड असे यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने लिहून देईल, कारण शिकताना त्याने तसाच कोड सर्वांत जास्त पाहिलेला आहे.

आणि या सूचीत मुळात नसलेल्या मजकुराचे काय? माझ्याच जिल्ह्यातले, शहादा तालुक्यातले टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर गाजले. आधार क्रमांकांचे वाटप तिथून सुरू झाले. आदिवासी वस्तीच्या या गावातल्या नावांची उच्चारणे भिली, गुजरी, अहिराणीच्या वळणाची. अहिराणीत डोळ्याचा 'डोया' होतो, तसे नावांचेही होते. ती देवनागरीत एकदा, रोमनमध्ये एकदा लिहिली जातात, आणि दोन कागदांवरची दोन रूपे एकच माणूस आहेत की नाहीत, हे पुढे कोणता तरी कोड ठरवतो. त्यावर शिधा, पेन्शन, शिष्यवृत्ती अवलंबून. सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले आहे, आणि आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड मे २०२० मध्ये, टीका झाल्यावर का होईना, खुला झाला. आधारच्या मूळ प्रणालीचा कोड मात्र कोणत्याही शोधयंत्रात नाही.

याउलट बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ साली सुरू झालेला मॉसिप हा ओळखप्रणालीचा प्रकल्प पूर्ण खुला आहे. आधारच्या अनुभवातून स्फुरलेला, पण इतर देशांसाठी. फिलिपीन्सने तो घेतला, मोरोक्कोने घेतला. रनाळ्यात बसून मी त्याच्या फायली उघडतो, नाव कोणत्या भाषेत साठवले जाते आणि लिप्यंतर कुठे होते, हे ओळीच्या क्रमांकासह वाचतो, कुठे शंका आली तर ती नोंदवूही शकतो. मनिलाच्या माणसाचे नाव यंत्राच्या आत कुठून कुठे जाते, हे मला शोधून सांगता येते. टेंभलीच्या माणसाचे सांगता येत नाही.